कालवबेटावर मुलगी बघायला

विमला मांडवकर पहिलं धडधडीत खोटं बोलली ती वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आणि तेही देवाच्या नावाने. "मी आणि वन्सं गणपतीपुळ्याला जाऊन येतो," असं तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा अंगणात सुपाऱ्या सोलत बसला होता. त्याने मान वर न करता "जा की" म्हटलं, आणि आत जाऊन एक सोललेला नारळ आणून तिच्या पिशवीत घातला. "माझ्या नावाने ठेव," म्हणाला.

नारळाने पिशवी एकदम जड झाली. पण तोंडातून गेलेलं खोटं काही परत गिळता येत नव्हतं. शिवाय पायरीवर चपला घालून उभ्या असलेल्या चिमावन्सं डोळ्यांनी खुणावत होत्या, चल लवकर, एसटी जाईल.

चिमावन्सं म्हणजे विमलाची थोरली नणंद. नवरा वारला, मुलगे मुंबईला लागले, तेव्हापासून त्यांचा अर्धा मुक्काम माहेरीच असे. गावातल्या निम्म्या सोयरिकी त्यांनी जुळवल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या कुठे चुकल्या तेही त्यांना ठाऊक होतं. घरातला एकच नग अजून त्यांच्या हाताला लागला नव्हता, तो म्हणजे विमलाचा मुलगा दीपक.

दीपक मुंबईत थंड करायच्या यंत्रांची कामं करणाऱ्या कंपनीत होता. तिशी ओलांडली तरी दाखवलेल्या प्रत्येक मुलीला नाही म्हणायचा. आणि मग दिवाळीनंतर एकदा फोनवर, बाकीचं सगळं बोलून झाल्यावर, उगाच खाकरून म्हणाला, "आई, एक मुलगी आहे. कालवबेटावर काम करते, विज्ञान केंद्रात. राजापूरची आहे. तेजस्वी नाव."

"मग आम्ही येतो की बघायला," विमला म्हणाली.

"इतक्यात नको. मी सांगेन तेव्हा."

विमला थांबली असती. चिमावन्संना ते जमणारं नव्हतं. "बगायला नको म्हणाला ना? तिकीट काढून बेट फिरायला नको म्हणाला काय?" असं त्यांनी विचारलं. तिथेच बेत ठरला. मुलीला कळू न देता मुलगी बघायची. चालते कशी, बोलते कशी, म्हाताऱ्या माणसांशी कशी वागते. पोहे करून समोर बसवली की सगळ्याच मुली गरीब गाईसारख्या दिसतात, असं वन्संचं म्हणणं होतं. खरी मुलगी कामावर दिसते.

कालवबेट रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून फार लांब नाही. पूर्वी त्या काळ्या कातळावर कालवं फोडणाऱ्या बायकांखेरीज कोणी पाय ठेवत नसे. आता तिथे विज्ञानाचं संग्रहालय आहे, मोठं मत्स्यालय आहे, आणि टेकाडावर दोन वेधशाळा आहेत, एक सूर्याची आणि एक रात्रीच्या आकाशाची. शाळांच्या सहली जातात, मुंबईपुण्याचे लोक जातात. सावर्ड्याच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या कुशीत असलेल्या विमलाच्या गावातून मात्र कोणी मोठं माणूस तिथे गेलेलं नव्हतं. त्यांच्याकडे समुद्र यायचा तो मासेवालीच्या टोपलीतून. विमलाने समुद्र पाहिला होता गणपतीपुळ्यालाच, आणि तोही घोट्याएवढा.

त्यामुळे धक्क्यावर लाँचमध्ये पाऊल टाकताना तिने वन्संचा दंड इतका घट्ट धरला की बांगड्या वाजल्या. लाँच सुटली. पहिली लाट आली, पोट एकदम हलकं झालं आणि परत जागेवर येऊन बसलं. विमलाला वाटलं होतं आपण घाबरू, रामनाम घेऊ, कदाचित ओकू. झालं भलतंच. तिला हसू फुटलं. दुसरी लाट आली, आणखी फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना.

"काय गो झालं तुला?" वन्संनी विचारलं.

"काय नाय. गुदगुल्या होतायत."

"कोण करतंय?"

"समुद्र करतोय," विमला म्हणाली, आणि पुन्हा हसत सुटली. शेजारच्या बाकावरचं एक पुणेरी जोडपं आधी त्यांच्याकडे बघत राहिलं आणि मग तेही हसायला लागलं. लाटेचं हसू असतंच असं, तापासारखं लागतं.

मध्येच तिला पिशवीतल्या नारळाची आठवण झाली. नवऱ्याच्या नावाचा नारळ घरी परत न्यायचा कसा? आणि ठेवायचा कुठे? तिने वन्संना विचारलं. वन्संनी क्षणभर विचार केला. "गणपतीपुळ्याला देवळाला पाणी लागतं ते कुठलं?"

"समुद्राचं."

"आणि हे कुठलं?"

विमलाने नारळ कपाळाला लावला, नवऱ्याचं नाव घेतलं आणि लाँचच्या कडेने सोडून दिला. नारळ डुचमळत गेला, नेमका उत्तरेला, पुळ्याच्याच दिशेने. तिच्या मनावरचं ओझंही त्याच्याबरोबर तरंगत गेलं. बेटाच्या धक्क्यावर उतरली तेव्हा ती कोणी वेगळीच बाई असल्यासारखी पायऱ्या चढली.

संग्रहालयाच्या दारात त्यांना घ्यायला जी मुलगी आली तिच्या निळ्या सदऱ्यावर नावाची पट्टी होती. वन्संनी पट्टी वाचली आणि विमलाला कोपराने असा ढोसा दिला की ती जागच्या जागी हलली. तेजस्वी.

मुलगी ठेंगणी होती, सावळी, आणि चष्मा पडू नये म्हणून तिने त्याला मागून काळी दोरी बांधलेली होती. बोलायची भराभर, जणू सांगायचं खूप आहे आणि लाँच सुटायला आली आहे. चालायची त्याहून भराभर. "या, या. इथे 'हात लावू नका' अशी एकही पाटी नाही," ती म्हणाली. "उलट हात नाही लावलात तर मला राग येतो."

"उद्धट हाय काय?" वन्संनी कुजबुजून विचारलं.

"नाय वाटत," विमला कुजबुजली. तिला ती आवडली होती. पण असं पहिल्या वाक्याला आवडणं बरं दिसत नाही म्हणून ती गप्प राहिली.

पहिल्याच दालनात एक चकचकीत धातूचा गोळा खांबावर बसवलेला होता. तेजस्वीने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि वन्संपाशी थांबवली. "आजी, तुम्ही या. केस सोडायचे."

चिमावन्संनी चारचौघांत केस सोडले होते ते लग्नाआधी. पण मुलगी जोखायची तर तिच्या जवळ जायला हवं, असा हिशेब करून त्यांनी अंबाडा सोडला, लाकडी पाटावर चढल्या आणि गोळ्यावर तळवे टेकले. यंत्र घुं करायला लागलं. आधी कानाजवळची एक बट उठली. मग दुसरी. मग वन्संचे सगळे पांढरे केस हळूहळू वर उठून पसरले, कापूस पिंजल्यासारखे, आणि त्यांच्या मध्यभागी वन्संचा चेहरा, पंचायतीत उभा असल्यासारखा गंभीर.

"विमल, माज्या डोक्यात काय होतंय?"

विमलाला बोलता येत नव्हतं. ती भिंतीला धरून वाकली होती. तेजस्वीने आरसा पुढे केला. वन्संनी त्यात पाहिलं, मान डावीकडे वळवून पाहिलं, उजवीकडे वळवून पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "असंच राहील काय गो? आमच्या धाकट्या जावेला दाखवायचं होतं."

तिथून पुढे मुलगी बघण्याच्या कामात ढिलाई आली, हे मान्य करायला हवं. एका खोलीत जमीन सपाट दिसत होती आणि माणसं तिरकी. एका आरशात विमला ताडामाडाएवढी झाली, दुसऱ्यात वन्सं कोहळ्यासारख्या. एका नळीत पुटपुटलेलं दालनाच्या दुसऱ्या टोकाला कानात ऐकू यायचं. वन्संनी त्यात पुटपुटून धाकट्या जावेबद्दल जे सांगितलं ते पुण्याच्या त्या गृहस्थांच्या कानात गेलं.

आणि मग ती सायकल आली. जमिनीला पक्की केलेली, चाक अधांतरी. पायडल मारलं की समोरच्या फळीवरचे दिवे खालून एकेक लागत वर चढायचे आणि सगळ्यात वर घंटा होती. पुण्याचे गृहस्थ बसले, अर्ध्यावर दमले. तेजस्वी विमलाकडे वळली. "काकू, बसता?"

"मला सायकल येत नाय," विमला म्हणाली.

लहानपणी तिच्या भावाची सायकल होती. परड्यात उभी असायची. एकदा, घरात कोणी नसताना, तिने त्या सायकलीची घंटा वाजवली होती, फक्त घंटा, तरी आईने पाठीत धपाटा घातला होता. मुलींनी सायकलवर बसायचं नसतं एवढंच कारण. पुढे तिच्या गावच्या मुली सरकारी सायकलींवरून शाळेत जायला लागल्या, पण तोवर तिचे दिवस निघून गेले होते.

"ही पडत नाही," तेजस्वी म्हणाली. "पडायची सोयच नाही हिच्यात. बसा."

विमलाने साडी खोचली आणि बसली. पहिलं पायडल जड गेलं. दुसरं त्याहून कमी. मग पायांना काहीतरी सापडलं. चाळीस वर्षं चढ चढून पाणी आणलेल्या, लाकडाचे भारे आणलेल्या पायांना ते चाक म्हणजे खेळणंच होतं. दिवे लागत गेले. हिरवे लागले, पिवळे लागले. कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. तांबडे लागले आणि घंटा घणघणली, आणि तरी विमला थांबेना. तिचा अंबाडा सुटला, कुंकू घामाने ओघळलं, आणि ती समोरच्या भिंतीकडे अशी बघत होती जशी भिंत नाहीच, लांबच लांब उताराचा रस्ता आहे.

"काकू, घंटा झाली. उतरा आता," तेजस्वी म्हणाली.

"वाईच थांब गो. आत्ताच तर घाट लागलाय."

ती उतरली तेव्हा पाय थरथरत होते आणि ती हसत होती. तेजस्वीने तिला पाणी आणून दिलं, पंख्याखाली बसवलं, आणि पदराचं टोक चाकात जाऊन काळं झालं होतं ते स्वतःच्या रुमालाने पुसलं. वन्संनी ते पाहिलं आणि मान डोलावली. विमलानेही पाहिलं. पण तिच्या मनात तेव्हा सून नव्हती. तिच्या मनात अजून घाट उतरत होता.

जेवणाचा डबा खाऊन दुपारी त्या मत्स्यालयात शिरल्या. आत निळा अंधार आणि गारवा. हा गारवा दीपकच्या हातचा. गेल्या पावसाळ्याआधी इथलं पाणी थंड ठेवायची यंत्रं बसवायला तोच आला होता. विमलाने काचेवर तळवा टेकला आणि तिला लेकाच्या कपाळावर हात ठेवल्यासारखं वाटलं.

काचेपलीकडून बांगड्यांचा थवा वळला. विमलाने जन्मभर बांगडे साफ केले होते. डोकं काढायचं, पोट काढायचं, हळद मीठ लावायचं. पण बांगडा पाठीवर अशी रेघांची नक्षी घेऊन वळतो, आणि एक वळला की सगळे वळतात, जणू भजनातले टाळ एका ठोक्यावर पडतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. "वन्सं, हे जिवंतपणी किती शहाण्यासारखे वागतात बघा," ती म्हणाली.

"चवीलापण बरे असतात," वन्सं म्हणाल्या.

पुढच्या काचेत शेवाळाला शेपटी गुंडाळून समुद्रघोडे उभे होते. तेजस्वी म्हणाली, "यांच्यात मादी अंडी देते ती नराच्या पोटावरच्या पिशवीत. मग पोट वाढतं ते नराचं. कळा येतात त्या नराला. पिल्लं बाहेर काढतो तो नर."

वन्सं पुढे झाल्या. काचेला नाक लावलं. "कोण बाळंत होतो?"

"नर. बाप."

"आणि ती काय करते?"

"ती फिरते. सकाळी येऊन त्याची चौकशी करून जाते."

वन्संनी बोटांवर काहीतरी मोजलं. त्यांची चार बाळंतपणं झाली होती, त्यातलं एक भातलावणीच्या दिवसांत, चिखलातून उठून घरी येईतो. "विमल," त्या शेवटी म्हणाल्या, "आमच्या वाडीतल्या सगळ्या बापयांना एसटी करून इथे आणायला हवं. पुढच्या बाकावर तुज्या नवऱ्याला." आणि मग त्यांना हसू आलं. त्या हसल्या की आवाज येत नसे, नुसतं सगळं अंग हलायचं. त्या हलायला लागल्या, विमलाही लागली. तेजस्वी शहाण्यासारखी उभी राहायला बघत होती, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "कळा येताना ओरडतो काय रे मेल्या, की नुसता घोड्यासारखा उभा?" आणि मग तीही चष्मा काढून डोळे पुसायला लागली.

हसता हसता वन्संनी आपलं काम साधून घेतलं. "लग्न झालं काय गो तुझं?"

"नाही."

"बगतायत घरचे?"

"घरचे बघतायत. मी मासे बघत्ये," तेजस्वी म्हणाली आणि पुढच्या हौदाकडे निघून गेली.

तिथे पाखटांना, म्हणजे चादरीसारख्या पसरट माशांना, खाऊ घालायचं होतं. विमलाचे पाय सायकलीने भरून आले होते, ती मागच्या बाकावर टेकली, आणि तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. दीपक होता.

"आई, कुठे आहेस? घरी फोन केला तर बाबा म्हणाले, पुळ्याला गेलीस."

"हो. देवळात आहे," विमला म्हणाली. आता तिला खोट्याची सवय व्हायला लागली होती. "दर्शन छान झालं. गर्दी नाय."

नेमका त्याच वेळी ध्वनिक्षेपक सुरू झाला आणि तेजस्वीचा आवाज निळ्या अंधारात घुमला. "आता आपण पाखटांना कोळंबी देणार आहोत. मुलांनी पुढे यायचं. पाखटाची खालची बाजू बघा, हसरा चेहरा दिसतो ना? ते डोळे नाहीत, नाकपुड्या आहेत."

फोनवर काही ऐकू येईना. विमलाला वाटलं, कट झाला.

"आई," दीपक म्हणाला, अगदी बारीक आवाजात, "गणपतीपुळ्याच्या देवळात पाखट कधीपासून ठेवायला लागले?"

विमलाने फोनवर हात झाकला, पण उशीर झाला होता.

"तिच्याशी बोललीस?"

"सकाळपासून तिच्याचबरोबर आहोत. गुणी आहे रे. तुझ्या आत्याचे केस उभे केलेन तिने."

"आई, ऐक. तिला सांगू नकोस तुम्ही कोण ते. मी अजून तिला विचारलेलंच नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे तिला काही माहीतच नाही. मी आठ दिवस तिथे होतो. ती रोज चहा विचारायची. मी रोज हो म्हणायचो. एवढंच बोलणं झालंय."

विमलाने फोन कानाशी तसाच धरून समोर पाहिलं. हौदाकाठी तेजस्वी वाकून पाखटाला कोळंबी देत होती आणि ते पांढरं पोट काचेला चिकटवून वर चढत होतं, नाकपुड्यांनी हसत. जी मुलगी बघायला त्या डोंगर उतरून, एसटी धरून, समुद्र ओलांडून आल्या होत्या, तिच्या गावीही नव्हतं की आपल्याला कोणी बघतंय. विमलाला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण सकाळपासून जे हसू उसळत होतं ते त्या लाजेच्या खालून पुन्हा वर आलं. "तू चहाच पीत बस," ती लेकाला म्हणाली आणि फोन ठेवला.

खरं संकट आता सुरू झालं. ही बातमी वन्संच्या पोटात टिकणार नव्हती. विमलाने त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि तोंडावर बोट ठेवायला लावलं. वन्संनी ऐकून घेतलं. "अरे देवा. चहा?" एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माजी शपथ, एक शब्द बोलणार नाय." आणि टेकडी चढेपर्यंत खरंच गप्प होत्या. इतक्या गप्प की तेजस्वीने दोनदा मागे वळून विचारलं, आजींना बरं वाटत नाही का.

सूर्याच्या वेधशाळेत एका पांढऱ्या पडद्यावर सूर्य उतरवलेला होता, ताटाएवढा, आणि त्याच्यावर दोनतीन काळे ठिपके. तेजस्वी म्हणाली, यातला सगळ्यात बारका डागसुद्धा आपल्या पृथ्वीपेक्षा मोठा आहे. विमलाने त्या डागावर करंगळी ठेवली. तिच्या नखाखाली सावर्डे, रत्नागिरी, मुंबई, सगळं झाकून गेलं. तिला गरगरल्यासारखं झालं, पण ते छान गरगरणं होतं, फुगडी संपल्यावरचं.

शेवटची लाँच आकाशदर्शनानंतर होती. दिवस मावळला तसे सगळे वरच्या घुमटात जमले. संध्याकाळचं कामही तेजस्वीकडेच होतं. तिने कळ दाबली. घुमटाला उभी फट पडली, आणि मग सगळा घुमट फिरायला लागला. फिरत होता घुमट, पण पायाखालची जमीनच फिरतेय असं वाटत होतं. वन्संनी विमलाचा दंड पकडला, विमलाने वन्संचा, आणि दोघी एकमेकींना धरून लहान मुलींसारख्या खिदळायला लागल्या. अंधारात कोण हसतंय ते दिसत नाही, त्यामुळे कोणी आवरतही नाही.

"आज शनी दाखवत्ये," तेजस्वी म्हणाली.

हसणं थांबलं. वन्संनी चपला काढल्या. शनीच्या साडेसातीत त्यांचा नवरा गेला होता. त्यानंतर दर शनिवारी तेल वाहिलं होतं, आणि त्याच्या मूर्तीसमोर कधी सरळ उभ्या राहिल्या नव्हत्या, नजर पडू नये म्हणून बाजूने जायच्या. "मी नाय बगणार," त्या म्हणाल्या. "विमल, तूपण नको."

तेजस्वी त्यांच्याजवळ आली. तिने समजावलं नाही, ग्रह म्हणजे काय वगैरे काही सांगितलं नाही. "आजी, मी हात धरत्ये," एवढंच म्हणाली. "तुम्ही त्याला बघा. तो तुम्हाला नाही बघत."

वन्संनी वाकून एक डोळा लावला.

"हा?" वन्सं म्हणाल्या. "एवढासा?"

"हो."

"ह्याने केलंन सगळं?" त्या पुन्हा वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "कडं घातलंय ह्याने. बाळाच्या हातातलं असतं तसं. विमल, अगो गोजिरवाणा हाय हा. उगाच भ्यायले मी ह्याला. वीस वर्षं तेल घातलं मी ह्या पोराच्या डोक्यावर." त्यांचा आवाज भरून आला आणि त्याच भरात त्या हसायलाही लागल्या, आणि त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी त्यांची शपथ वाहून गेली. "आमच्या दीपकने चांगली मुलगी निवडलीन गो. शनीची भीती घालवलीन माजी. मूर्ख मेला, नुसता चहा पीत बसला."

तेजस्वीने वन्संचा हात सोडला.

"कोण दीपक?" तेजस्वीने विचारलं.

विमलाला वाटलं, आता जमीन खरंच फिरली तर बरं होईल. पण जमीन जागच्या जागी होती. तेजस्वीने बाकीच्यांना गच्चीवर चांदण्या बघायला पाठवलं आणि त्या तिघीच राहिल्या. विमला पुढे झाली.

"मी दीपकची आई. यंत्रं बसवायला आला होता तो. त्याने आम्हाला पाठवलेलं नाय, उलट येऊ नका म्हणाला होता. आम्ही आपल्या आगाऊपणाने आलो, तुला न सांगता तुला बघायला. चुकलंच ते. तू मनातून काढून टाक. आम्ही लाँचमध्ये पुढच्या बाजूला बसू, तुला तोंड दाखवणार नाय."

तेजस्वीने चष्म्याची दोरी नीट केली. "ते मशीनवाले? मला वाटायचं पंप सारखा बिघडतोय. तासभर पंपाजवळ उभे असायचे. मी चहा विचारायचे ते, बिचारा दमला असेल म्हणून."

"पंप चांगला होता?" वन्संनी विचारलं.

"पंपाला काही झालेलं नव्हतं," तेजस्वी म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं. मग ती जरा सावरून म्हणाली, "काकू, तुम्ही सरळ सांगितलंत, म्हणून मीही सांगत्ये. चैत्रात मी लडाखला चाललेय. हानलेला मोठी वेधशाळा आहे, तिथे वर्षभर काम मिळालंय. कोणाला काही विचारायचं असेल तर हे धरून विचारावं लागेल. मी ते सोडणार नाही. घरी यावरूनच भांडण चाललंय."

विमलाने आयुष्यात पुष्कळ गोष्टींना बरं म्हटलं होतं. सासूला, नवऱ्याला, पावसाला. पण त्या संध्याकाळी तिच्या पायांत अजून पायडल फिरत होतं. तिला त्या मुलीची काळजी वाटण्याऐवजी एकदम हेवा वाटला, अगदी गोड हेवा.

"तिथे तिकीट काढून येता येतं काय गो?" तिने विचारलं.

तेजस्वी आधी हसली. मग तिने पुढे होऊन विमलाच्या सुटलेल्या अंबाड्यात काटा नीट खोचला आणि म्हणाली, "चला, लाँच सुटेल."

दीपक पुढच्याच रविवारी मुंबईहून आला. आईला सांगून आला, आणि आईने वडिलांनाही खरं काय ते सांगून टाकलं. नवऱ्याला राग आला तो नारळाचा. "समुद्रात टाकलास?" त्याने विचारलं, आणि मग दोन दिवसांनी शेजाऱ्याला तीच गोष्ट स्वतः रंगवून सांगताना विमलाने त्याला ऐकलं. दीपक बेटावर दिवसभर काय बोलला ते कोणाला कळलं नाही. तेजस्वीने लगेच हो म्हटलं नाही. मुंबईला दोनदा फोन केला, एकदा विमलाला केला, एकदा वन्संना. होळी झाल्यावर तिने हो कळवलं, लग्न मात्र लडाखहून आल्यावर. राजापूरला तिच्या वडिलांची समजूत घालायला चिमावन्सं स्वतः गेल्या. समुद्रघोड्यापासून सुरुवात केली म्हणतात. संध्याकाळपर्यंत वडील गप्प झाले होते आणि आई मुलीसाठी लोकरीचे मोजे शोधत होती.

चैत्रात ती गेली. पहिले काही दिवस तिचा फोन लागत नसे. मग एका सकाळी, विमला आणि वन्सं पडवीत आमसुलं वाळत घालत असताना, फोटो आला. वेधशाळेच्या घुमटाबाहेर रात्री काढलेला. विमलाने फोन वन्संच्या हातात दिला. वन्संनी तो लांब धरला, जवळ धरला, मग पदराचं टोक ओलं केलं आणि काच पुसायला लागल्या. पुसलं, बघितलं, पुन्हा पुसलं.

"किती गो धूळ बसल्ये तुज्या फोनवर. जात नाय."

"वन्सं," विमला म्हणाली, "ती धूळ नाय. ते सगळे तारे आहेत."

वन्संचा हात थांबला. त्यांनी फोन तसाच डोळ्यांसमोर धरून ठेवला. आणि मग त्यांचं अंग, आवाज न करता, हळूहळू हलायला लागलं.